लूकादिनाचं बोलावणं

पिंपात कोबीचा सातवा गड्डा बसवत होते, तेव्हा स्वयंपाकघरात फोन टिंग करून वाजला. हात कोपरापर्यंत मिठानं माखलेले, म्हणून उठले नाही. दरवर्षी ऑक्टोबर सरत आला की मी गॅलरीतल्या निळ्या पिंपात कोबी आंबत घालते. गड्ड्याचा देठ कोरायचा, त्या खड्ड्यात मूठभर मीठ दाबायचं, खड्डा वर येईल असा गड्डा ठेवायचा, आणि सगळ्यांवर शेवटी एक दगड. माझ्या नवऱ्याला, क्रस्टोला जाऊन सहा वर्षं झाली. एकट्या बाईला पिंपभर कोबी कशाला, असं विचारणारंही आता घरात कोणी नाही, म्हणून घालते. इथे राजधानीत, पॉडगोरित्सात, यंदा ऊन हटतच नव्हतं. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक झेंडा आणि चौथ्यावर दुसरा, एक सर्बियाच्या बाजूचा, एक आमच्या वेगळ्या झालेल्या देशाचा. दोन्ही उन्हानं इतके विटलेले की आता कोणाचा कोणता हे फक्त लावणाऱ्यालाच सांगता येईल. आठवा गड्डा बसेना. मी हात धुतले, चष्मा शोधला आणि फोन उचलला. भावाच्या नंबरावरून निरोप आला होता. वर्षभरात त्या नंबरावरून आलेली ही पहिली गोष्ट.

‘आदरणीय कोविल्का आजी, एकतीस ऑक्टोबरला, संत लूकाच्या दिवशी, आमच्या घरी स्लाव्याला आपण अवश्य यावं ही विनंती. दुपारी एकपासून. आपल्या येण्यानं आम्हांला आनंद होईल. ब्लागोता आणि कुटुंबीय.’ खाली द्राक्षांचं आणि मेणबत्तीचं चित्र. मी ते दोनदा वाचलं, मग खुर्चीत बसून तिसऱ्यांदा. ‘आणि कुटुंबीय’ याच्यावर डोळा अडकून राहिला. आमच्याकडे स्लाव्याला कोणी कोणाला बोलावत नाही. प्रत्येक कुळाचा एक संत, संताचा एक दिवस. त्या दिवशी दार उघडं ठेवायचं, आणि ज्यांना यायचं ते येतात. शेजारी, सोयरे, कामावरचे सोबती, सगळे आपणहून. बोलावणं पाठवायचं म्हणजे या माणसाला आपणहून यायचा हक्क नाही असं सांगायचं. आणि मी तर त्या घरची लेक. लग्न झाल्यापासून अठ्ठावन्न वर्षं लूकाच्या दिवशी मी निकशिचला माहेरी गेले, ती मागच्या दारानं, सरळ स्वयंपाकघरात. पिशवी खाली ठेवायच्या आधी ॲप्रन कमरेला बांधलेला असायचा. पोटात मूल असताना गेले, बर्फात बस अडकली तेव्हा ट्रकमधून गेले. कोणी ‘ये’ म्हटल्याचं आठवत नाही. ‘आलीस?’ एवढंच म्हणायचे, आणि तेही नाही म्हटलं तरी चालायचं.

खालच्या मजल्यावरची झागोर्का तिची कोबी चिरायची सुरी परत मागायला आली, तेव्हा मी फोन तिच्यापुढे धरला. तिनं तो हातभर लांब नेऊन वाचला.

“बोलावणं? स्लाव्याला?” ती म्हणाली. “स्लाव्याला बोलवावं लागतं ते पाद्र्याला. तू कधीपासून पाद्री झालीस?”

“त्याच्या नातीनं लिहिलं असेल. तियाना. ल्युब्ल्यानात, परदेशात वाढलेली आहे, तिला काय ठाऊक.”

“नातीनं लिहिलं, पण फोन कोणाचा? नाव कोणाचं?” झागोर्कानं फोन टेबलावर पालथा ठेवला, जसं काही त्यातून वास येत होता. “जाऊ नकोस. गेलीस तर पाहुणी म्हणून गेलीस असं होईल.”

“आणि नाही गेले तर?”

“तर नाही गेलीस असं होईल.” तिनं खुर्ची ओढली. “हे बघ, माझ्या दिरानं आणि माझ्या नवऱ्यानं चार वर्षं तोंड बघितलं नाही. का, तर एक चर्चच्या मिरवणुकीत गेला आणि एक नाही गेला. मग दीर आजारी पडला. हा गेला भेटायला. भेटून आला आणि मला म्हणतो, आता आम्ही बोलतो, पण बोलायला काही उरलेलं नाही. सुरी कुठे आहे?”

ती गेल्यावर मी पिंपाकडे परतले नाही. संध्याकाळपर्यंत गॅलरीचं दार उघडंच राहिलं आणि मी तशीच बसून होते. बोलावणं नसतं आलं तर मी काय करणार होते, हे स्वतःला विचारायचं मी टाळत होते. त्याऐवजी आईचं उघडं दार आठवत राहिलं. एकोणपन्नास साल. मी पाच वर्षांची, ब्लागोता आठचा. त्या उन्हाळ्यात वडिलांना पोलीस घेऊन गेले होते. खाणावळीत बसून ते काहीतरी म्हणाले होते. मॉस्कोचं खरं की बेलग्रेडचं, एवढाच तेव्हा प्रश्न होता, आणि कोण काय म्हणालं हे लिहून घेणारी माणसं होती. नंतर कळलं की लिहून देणारा आमच्याच आळीतला. वडील समुद्रातल्या एका खडकाळ बेटावर, कैद्यांच्या छावणीत, दगड फोडत होते आणि आम्हांला ते कुठे आहेत हेही ठाऊक नव्हतं. तसल्या काळात आईनं लूकाच्या दिवशी गव्हाचा प्रसाद शिजवला, पाव भाजला, कुठून तरी मटण आणलं, पांढरा टेबलक्लॉथ घातला आणि दार उघडं ठेवलं. कोणी आलं नाही. दुपार झाली, ऊन उंबऱ्यावरून आत आलं, टेबलाखाली गेलं, भिंतीवर चढलं. आई उभीच. माणसं रस्त्यानं जायची, आमच्या फाटकाशी आली की दुसऱ्या बाजूला बघायची. तिला कोणाला हाक मारता येत नव्हती. हाक मारली असती तर दोघं-तिघं आलेही असते, भीड पडून. पण ज्यांना हाक मारावी लागते त्यांनी येऊन काय होणार, असं ती मला पुष्कळ वर्षांनी म्हणाली. दिवेलागणीला तिनं दार लावलं. आम्ही तीन दिवस ते जेवण जेवलो. ब्लागोता प्रत्येक घासाला रडायचा आणि प्रत्येक घास खायचा, कारण भूक होती. पुढे वडील परत आले, पाहुणेही परत आले, ज्यानं लिहून दिलं होतं तोसुद्धा आला, आणि आईनं त्याला वाढलं. मी तिला विचारलं होतं, कसं वाढलंस? ती म्हणाली, तो आपणहून आला होता.

मी आणि ब्लागोता एकाच बाजूला असायचो, पाच वर्षांची असल्यापासून ते बासष्टाव्या वर्षापर्यंत. मग सन दोन हजार सहाचा मे महिना आला. सर्बियाबरोबर राहायचं की वेगळं व्हायचं, यावर मतदान. वेगळं व्हायला पंचावन्न टक्के हवे होते, साडेपंचावन्न मिळाले. तो जो अर्धा टक्का, त्यात जेमतेम दोन-अडीच हजार माणसं, एका बऱ्यापैकी फुटबॉल सामन्याला जमतात त्याहून कमी. मी वेगळं होण्याच्या बाजूनं मत दिलं. क्रस्टो झेंडा घेऊन गच्चीवर नाचला, मी नाचले नाही. पण मत दिलं. माझ्या मुलाला एक्क्याण्णव साली सैन्यात बोलावल्याचा कागद आला होता आणि तो तोफा ओढत समुद्राकडे गेला होता, ज्या शहरात आम्ही त्याला लहानपणी आइस्क्रीम खायला नेलं होतं त्या शहरावर डागायला. परत आला तो सहा महिने जेवणाच्या ताटाकडे बघत बसायचा. आता तो कॅनडात असतो. मला एवढंच हवं होतं की पुन्हा कुठल्या दूरच्या राजधानीतून तसला कागद येऊ नये. ब्लागोताची बायको देसांका वाल्येवोची, सर्बियातली. तो निकशिचच्या पोलाद कारखान्यात चौतीस वर्षं होता, त्याच्या भट्टीवर सगळ्या प्रांतांची माणसं होती, आणि त्याला वाटायचं, भट्टीत जे एकदा वितळलं ते वेगळं कसं काढणार. निकाल लागला त्या सकाळी त्यानं फोन केला. “कोवे,” तो म्हणाला, “रात्री झोपलो तेव्हा शेजारी बायको होती. उठलो तर परदेशी बाई.” मी हसले. तोही हसला. मग म्हणाला, “त्या अडीच हजारांत तू एक.” ते त्यानं हसतच म्हटलं होतं. पण मी आजही बाजारात रांगेत उभी असले की कधीकधी माणसं मोजते.

तरी आमचं चाललं होतं. देसांका होती तोवर तीच चालवायची. ती मला कांदे चिरायला बसवायची आणि पुढच्या खोलीत आवाज चढले की दार पायानं लोटून द्यायची. “भांडू दे त्यांना,” म्हणायची, “देश त्यांचा आहे, स्वयंपाकघर आपलं.” ती गेली. मग चर्चच्या मालमत्तेवर सरकारला हक्क देणारा कायदा आला, त्याविरुद्ध मिरवणुका निघाल्या, ब्लागोता गुडघे धरत धरत त्या थंडीत संताची तसबीर घेऊन चालला, आणि इकडे माझ्या इमारतीतली माणसं त्यांना देशद्रोही म्हणू लागली. मी दोन्हीकडे मान हलवत राहिले. म्हातारपणी मान आपोआपच हलते. सणावारी, मयताला, दर वेळी एक विषय कमी होत गेला. आधी निवडणूक बोलायची नाही असं ठरलं, मग चर्च, मग भाषा, मग शाळेतली पुस्तकं, मग हवामान उरलं. आणि गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात वणवा कोणामुळे पेटला यावरून हवामानही गेलं.

आणि गेल्या वर्षीचा लूकाचा दिवस. मी भाजलेल्या मटणाचं ताट घेऊन पुढच्या खोलीत आले, तेव्हा राडोसाव पेला उंच धरून उभा होता. राडोसाव म्हणजे ब्लागोताचा कारखान्यातला सोबती, दोन घरं सोडून राहतो, मला पन्नास वर्षं ओळखतो. “पिऊ या अखंड लोकांच्या नावानं,” तो म्हणाला. “त्यांच्या नव्हे, जे मतपेटीतून जन्माला आले.” मी म्हटलं, “राडोसाव, माझी आई मतपेटीत नाही व्याली. या घराच्या मागच्या खोलीत व्याली.” सगळे हसले. तो नाही हसला. “मग आई कोण होती हे विसरलीस कशी?” असं म्हणाला. ताटातला रस्सा माझ्या अंगठ्यावर सांडत होता आणि भाजत होतं. मी भावाकडे पाहिलं. एका शब्दाचं काम होतं. तो टेबलावरच्या कापलेल्या पावाकडे बघत होता, जणू काही त्यावर बारीक अक्षरांत काही लिहिलंय. मी ताट ठेवलं, ॲप्रन सोडला, कोट घेतला आणि पुढच्या दारानं बाहेर पडले. जन्मात पहिल्यांदा पुढच्या दारानं. त्यानंतर वर्षभर त्यानं फोन केला नाही आणि मीही नाही. मला त्या राडोसावचं काही वाटलं नव्हतं. असे राडोसाव मला माझ्या इमारतीतही भेटतात, फक्त त्यांचे झेंडे वेगळे. मला तो पाव आठवायचा, आणि त्याच्याकडे बघणारे माझ्या भावाचे डोळे.

एकतीस तारखेला सकाळी मी काळा कोट काढला. दुकानात गेले आणि कॉफीचं पाकीट व वाइनची बाटली घेतली. पाहुणे नेतात तशी. पैसे देताना वाटलं, परत ठेवावी. पण रिकाम्या हातानं जायला मी आता कोण होते? निकशिचच्या बसमध्ये खिडकीशी बसले. डोंगर जिथल्या तिथेच होते. पुढच्या दोन सीटवर दोन माणसं फोनवर वेगवेगळ्या बातम्या ऐकत होती, आणि दोन्हींत एकाच सभेचं वर्णन चाललं होतं, एकात देश वाचला होता आणि एकात बुडाला होता. माझे आजोबा पांढऱ्यांतले होते आणि त्यांचा सख्खा भाऊ हिरव्यांतला. पहिलं महायुद्ध संपल्यावर पांढऱ्यांना सर्बियाशी एक व्हायचं होतं, हिरव्यांना नाही. नाताळात दोघं एकाच ओढ्याच्या दोन काठांवर बंदुका घेऊन पडले होते. आजी सांगायची की दोघंही मुद्दाम वर नेम धरून मारत होते. मला वाटतं, ते तिनं आम्हां मुलांसाठी रचलं असावं. त्यानंतर दुसरं युद्ध, त्याबद्दल तर घरात कोणी काही रचलंसुद्धा नाही. मग वडिलांचं बेट. मग आम्ही. सहा लाख माणसांचा हा देश; इथे कोणी शिंकलं तर त्याच्या मावशीला कळतं. तो एक राहील का, असं टीव्हीवर रोज कोट घातलेली माणसं एकमेकांना विचारतात. मला ते ऐकताना झोप येते. देश राहीलही, दगडासारखा राहील, दगडाला काय. मला एवढंच बघायचं होतं की त्या घरात मला माहेर उरलं आहे की नाही. एकोणऐंशीव्या वर्षी माहेर कशाला हवं, असं कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. पण बसचा ब्रेक लागला की प्रत्येक वेळी छातीत तेच हलायचं.

तियाना फाटकात उभी होती. अठ्ठावीस वर्षांची, उंच, देसांकाच्या भुवया. “आजी! तुम्ही आलात!” तिनं मला मिठी मारली, पिशवी घेतली, आणि मी सवयीनं घराच्या कडेनं मागे वळले तशी माझा दंड हलकेच धरून म्हणाली, “इकडून, इकडून. मागे सगळा पसारा आहे.” तिच्या कमरेला ॲप्रन होता. पुढच्या खोलीत दहा-बारा माणसं बसली होती, मेणबत्ती निम्मी झाली होती. ब्लागोता टेबलाच्या टोकाला उभा होता. स्लाव्याच्या दिवशी घरधनी बसत नाही. पाहुणे आहेत तोवर उभं राहून त्यांचं बघायचं, बाटली फिरवायची, ताट रिकामं दिसू द्यायचं नाही. वडीलही असेच उभे राहायचे. पण ब्लागोता ब्याऐंशीचा आहे, आणि त्यानं खुर्चीची पाठ ज्या तऱ्हेनं धरली होती त्यावरून मला कळलं. “उन्हाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं,” तियाना कानात म्हणाली. मला कोणी कळवलं नव्हतं. मी त्याच्यापाशी गेले. “स्लावा सुखाचा होवो, घरधनी,” मी म्हणाले. अठ्ठावन्न वर्षांत मी हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. घरचं माणूस हे म्हणत नाही. त्यानं माझ्या गालांना तीनदा ओठ लावले, सगळ्यांना लावतो तसे. “आलीस, बरं केलंस. बस,” तो म्हणाला आणि उजव्या हाताची खुर्ची दाखवली, मानाची.

मी बसले. पुढ्यात मटण आलं, पानकोबीतल्या खिम्याच्या गुंडाळ्या आल्या, चीज आलं. त्या खोलीत बसून जेवायला मला येईना. कोण कुठे बसतं, भिंतीवरचं घड्याळ किती मागे आहे, हे सगळं मला ताट घेऊन आत-बाहेर करतानाच ठाऊक होतं. बसल्यावर खोली वेगळीच दिसत होती, जरा मोठी, आणि कोणाची तरी. समोर राडोसाव होता. म्हातारा झाला होता, कॉलर सैल पडली होती. दोन पेल्यांपर्यंत तो गप्प राहिला.

“काय गं कोविल्का,” मग म्हणाला, “राजधानीत हल्ली कोणती भाषा चालते? की रोज सकाळी सरकार कळवतं?”

“ज्या भाषेत उत्तर दिलं तर तुला कळतं, तीच.”

“म्हणे दोन अक्षरं नवी काढलीत.”

“हो. त्यातलं एक तुझ्यासाठी राखून ठेवलंय. तुला शिवी द्यायला कमी पडत होतं.”

हशा पिकला, टेबलाच्या टोकाचा एक माणूस तर खोकायलाच लागला. मलाही क्षणभर बरं वाटलं. हे आमचं जुनं होतं. पण राडोसाव पुढे वाकला. “हस, हस. पण निकालाच्या त्या रात्री तुम्ही गाड्यांचे भोंगे वाजवत होतात, तेव्हा या माणसाकडे बघून—”

“राडोसाव.”

ब्लागोताचा आवाज मोठा नव्हता. त्यानं बाटली खाली ठेवली. “ती माझी पाहुणी आहे,” तो म्हणाला. “माझ्या घरात पाहुण्याला कोणी काही बोलणार नाही.”

राडोसावनं हात वर केले, “बरं, बरं, घरधनी, माफी,” आणि पावाचा तुकडा मोडला. कोणीतरी टोमॅटोबद्दल बोलायला लागलं. मी ताटाकडे बघत होते. वर्षभर मी ज्या एका वाक्याची वाट बघितली होती ते मिळालं होतं, सगळ्यांसमोर, मानानं. आणि मला वाटत होतं, गेल्या वर्षीसारखा गप्प का नाही राहिलास रे. मी पेला उचलला. न पिताच परत ठेवला. ब्लागोतानं लगेच पुढे होऊन तो भरला, जरी तो भरलेलाच होता.

पाचपर्यंत माणसं पांगली. प्रत्येकाला तो फाटकापर्यंत पोचवून आला, जाताना भिंत धरत, येताना कुंपण धरत. राडोसाव शेवटी गेला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी दोन ताटं उचलली तशी तियाना धावत आली. “आजी, तुम्ही कशाला? बसा ना निवांत,” म्हणून तिनं ती माझ्या हातातून घेतली. इतकी गोड पोरगी. स्वयंपाकघराचं दार तिच्यामागे मिटलं. आम्ही दोघं उरलो, मी बसलेली आणि तो खुर्चीची पाठ धरून उभा.

“ते बोलावणं तिनंच पाठवलं ना?” मी विचारलं. “तिला रीत ठाऊक नाही.”

“मी सांगितलं तिला.”

मी टेबलक्लॉथवरचे पावाचे कण बोटानं गोळा केले.

“न बोलावता तू आली असतीस?” तो म्हणाला.

“आले असते.”

“कोवे.”

“नसते आले,” मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. त्याचे केस माझ्यापेक्षा पातळ झाले होते, कानामागे एक जखम होती, दाढी करताना झालेली. “मी दहा दिवस त्या फोनकडे बघत होतो,” तो म्हणाला. “आई मला जोड्यानं मारेल असं वाटत होतं.”

“गेल्या वर्षी एक शब्द बोलला असतास तर हे काहीच करावं लागलं नसतं, दादा. राडोसावला गप्प बस म्हणायचं होतं.”

“तो पाहुणा होता.”

“आणि मी?”

“तू घरची होतीस,” तो म्हणाला. जणू काही हे मला कधी सांगावं लागेल असं त्याला वाटलं नव्हतं. “पाहुण्याला बोलता येत नाही. घरच्यानं सोसायचं असतं. मी पण सोसलं, पावाकडे बघत. मला वाटलं, तू पण आत जाशील, कांदे चिरशील, मला शिव्या देशील. तू पुढच्या दारानं गेलीस.”

आतून पाण्याचा आवाज येत होता, ताटांचा. मला खूप काही म्हणायचं होतं, क्रस्टोबद्दल, माझ्या मुलाच्या ताटाबद्दल, त्या अडीच हजारांबद्दल. पण ते सगळं इतकं दमलेलं होतं की घशापर्यंत येईना. त्याचा उजवा पाय थरथरत होता. पॅंटच्या आतून दिसत होता थरथरताना. सकाळी पाव कापून मेणबत्ती लावली तेव्हापासून तो उभा असणार, आठ तास.

“बस ना आता दादा,” मी म्हणाले.

“पाहुणे असताना?”

“पाहुणे गेले.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. वाईट वाटल्यासारखं काहीतरी होतं, आणि लाज, आणि आमच्या वडिलांचा हट्ट. त्यानं खुर्चीवरची बोटं फक्त बदलली. ‘अरे, मी कसली पाहुणी,’ असं म्हणता आलं असतं. ओठांवर होतं. पण मी बोलावल्यावर आले होते, कॉफीचं पाकीट घेऊन. ‘घरधनी’ म्हणून त्याचं सुख चिंतलं होतं. त्याच्या मानाच्या खुर्चीवर बसले होते. मी उठले आणि कोट घेतला.

“इतक्यात?” तो म्हणाला. नियमानं विचारायचं असतं.

“बस चुकेल.”

तियाना हात पुसत गाडीची किल्ली घेऊन आली. तो आमच्यामागून यायला लागला. “तू नको येऊस,” मी म्हणाले, “पायऱ्या आहेत.” तो आला. घरच्या माणसाला आमच्याकडे कोणी पोचवायला येत नाही. ते आपले जातात. तो एकेक पायरी उतरला, कुंपण धरून फाटकापर्यंत आला, आणि मी गाडीत बसल्यावर काचेपाशी वाकून म्हणाला, “पुढच्या वर्षी बोलवू का?”

“बघू,” मी म्हणाले.

तियानानं गाडी सुरू केली. रस्ता लांब आणि सरळ आहे तिथे, कारखान्याच्या भिंतीपर्यंत, वळण पार टोकाला. मागच्या काचेतून तो दिसत होता, एका हातानं फाटक धरलेला, दुसरा हात वर. पाहुणा वळणाआड जाईपर्यंत घरधन्यानं फाटकातून हलायचं नसतं. तियाना सावकाश चालवत होती, म्हातारीला धक्के लागू नयेत म्हणून.

“जोरात चालव गं,” मी म्हणाले. “आपण दिसेनासे झालो की त्याला बसता येईल.”